बसकण किती वाजता : एमएसच्या थकव्याच्या नोंदी

९ मार्च, रविवार

सुरुवात केली एकदाची. ग्रामपंचायतीत संगणक परिचालक म्हणून दिवसभर गावाचे दाखले, घरपट्टी, नमुना आठ भरतच असते, मग स्वतःच्या थकव्याचा एक तक्ता भरायला काय जातं.

एमएस म्हणजे मल्टिपल स्क्लेरोसिस असल्याचं कळून सहा वर्षं झाली. आधी डावा डोळा धूसर झाला होता, तो बराचसा परत आला, मग पायाला मुंग्या, मग एमआरआय, मग नाव कळलं. आता चालते, बोलते, स्कूटी चालवते, बघणाऱ्याला काहीच दिसत नाही. आणि खरा त्रास जो आहे तो थकव्याचा, तो तर कोणालाच दिसत नाही. आत्याबाईंना (माझ्या सासूबाई) मी असं समजावलं की आपल्या संत्र्याच्या ठिबकची नळी खारीनं कुरतडली की कसं होते, पंप तोच, लाईन तीच, पण शेवटच्या झाडापर्यंत पाणी जात नाही न पंप तासभर जास्त चालवावा लागते, तसं माझ्या मेंदूतून पायापर्यंतच्या नसांवरचं कव्हर माझ्याच शरीराच्या रोगप्रतिकार शक्तीनं जागोजागी कुरतडलं आहे. त्या म्हणे, "मंग नळी बदलून काहून नाई देत डॉक्टर?" बरोबरच आहे प्रश्न.

प्लॅन असा. दर रविवारी थकव्याचा फॉर्म, आणि रोजच्या रोज झोप, पाणी, चालणं, खोलीतलं टेंपरेचर (तालुक्याच्या दुकानातून दीडशे रुपयाचं घड्याळवालं थर्मामीटर आणलं), आणि काय काय काम केलं ते. पहिले दोन आठवडे काहीही बदलायचं नाही, नुसतं लिहायचं. मावसबहीण सावंगीला फिजिओ शिकते, तिची ही अट.

१२ मार्च

फॉर्म म्हणजे फटीग सिव्हिअरिटी स्केल, १९८९ चा. ९ वाक्यं आहेत, प्रत्येकाला १ ते ७ मार्क, बेरीज करून ९ नं भागायचं, सरासरी ४ किंवा वर गेली की थकवा चांगलाच आहे असं धरतात. सोपं वाटलं होतं. मराठी करायला बसली तर पहिल्याच शब्दावर अडली. थकवा म्हटलं तर आमच्या गावात कोण थकत नाही? कापूस वेचून आलेली बाई "भागली व माय" म्हणते, जेवते, झोपते, सकाळी पुन्हा उभी. माझं तसं नाही. झोपून उठल्यावरही तेच. सकाळी दात घासतानाच हात जड. याला शब्द कोणता, कमजोरी म्हटलं तर लोक सलाईन लावायला सांगतात (आणि लावून देणारेही आहेत). शेवटी आत्याबाईच बोलल्या, "तुयं तं आंगातून कस गेल्यावानी होते." तोच शब्द घेतला. फॉर्मवर वरती पेनानं लिहिलं : थकवा म्हणजे इथे अंगातून कस जाणे.

एक वाक्य आहे की व्यायामानं माझा थकवा वाढतो. आता सडासारवण, दोन गुंड पाणी, भाकरी, डबे, हे सगळं व्यायामात की कामात? मी हो धरलं.

१६ मार्च, रविवार

बेरीज ५२. म्हणजे सरासरी ५.८. आज फार लिहवत नाही.

२३ मार्च, रविवार

पुन्हा ५२. पण आज एक घोळ सापडला आणि स्वतःवरच हसू आलं. माझं इंटरफेरॉनचं इंजेक्शन आठवड्यातून एकदा, शनिवारी रात्री. मुद्दाम शनिवारी, कारण त्यानंतर रात्रभर अंग दुखतं, बारीक ताप येतो, फ्लू झाल्यासारखं होतं, पॅरासिटामॉल घेऊन रविवार कसातरी काढायचा की सोमवारी कामावर. आणि मी फॉर्म भरतेय रविवारी! फॉर्म आठवडाभराचं विचारतो हे खरं, पण अंग ठणकत असताना सोमवारचं बरं वाटणं कोणाला आठवते. असंच झालं की, घरपट्टीची वसुली मोजायला पोळ्याच्या दिवशी निघायचं.

आता फॉर्म गुरुवारी.

२७ मार्च, गुरुवार

४९. सरासरी ५.४. काहीएक न बदलता, नुसता वार बदलून थकवा कमी झाला बघा. उद्या कोणी सांगितलं की अमुक काढा प्यायल्यानं दोन हप्त्यात फरक पडला, तर मी आधी विचारणार की मोजलं कोणत्या वारी.

३० मार्च

पाडवा. गुढी यांनी आणि पोरानं उभारली. मी खुर्चीवरून सूचना दिल्या.

२ एप्रिल

नवीन कॉलम टाकला : बसकण. म्हणजे दिवसात किती वाजता मी अशी बसली की परत उठणं झालं नाही. चहासाठी बसणं वेगळं. ही ती वेळ, जिच्यानंतर कोणी "जरा इकडे ये" म्हटलं तर डोळ्यात पाणी येतं. मागच्या दहा दिवसांची आठवून भरली, बहुतेक १ ते दीडच्या मधे. एक दिवस सव्वाअकरा. फॉर्ममधल्या ५ की ६ यावर मी दहा मिनिटं विचार करते, पण बसकण किती वाजता मारली हे घरातलं शेंबडं पोरही सांगू शकतं.

७ एप्रिल, सोमवार

ओपीडी. यांच्यासोबत पहाटेच्या एसटीनं निघून दुपारी ३ ला घरी, बसकण तर बसमध्येच झाली.

न्यूरोच्या मॅडमला तक्ता दाखवला, त्यांनी खरंच वाचला. म्हणाल्या, सगळाच थकवा एमएसचा नसतो, काही रोगाचा स्वतःचा, आणि काही बाजूनं आलेला, म्हणजे झोप मोडणं, रक्त कमी असणं, थायरॉइड, बी १२, उदासपणा, गोळ्यांची गुंगी. बाजूनं आलेला आधी काढून टाकायचा कारण त्यावर इलाज आहे. रक्त तपासलं तर हिमोग्लोबिन ९.१ निघालं. ९.१! सहा वर्षं मी एमएसला शिव्या घालतेय. सिकलसेल (रक्ताचा आनुवंशिक आजार) नाही, ते कॉलेजातच तपासलं होतं, आपल्याकडे तपासतातच. पाळी जास्त जाते आणि जेवणात लोह कमी, तेवढंच. गोळ्या सुरू. आणि पाय आखडतात त्यासाठीची बॅक्लोफेन मी सकाळी घेत होती, ती त्यांनी रात्रीवर नेली, सकाळची पेंग त्याचीच असू शकते म्हणाल्या.

थकव्याची अशी गोळीच द्या ना, मी विचारलं. हा प्रश्न मी प्रत्येक खेपेला विचारते. त्यांनी सांगितलं की अमेरिकेत १४१ पेशंटवर तीन गोळ्या आणि चौथी खोटी गोळी आळीपाळीनं देऊन बघितली होती, अमँटाडीन, मोडाफिनिल आणि मिथाइलफेनिडेट, २०२१ मध्ये लॅन्सेट न्यूरोलॉजीत छापून आलं, तिन्हीपैकी एकही खोट्या गोळीपेक्षा सरस ठरली नाही आणि त्रास मात्र जास्त. थोडं वाईट वाटलं. आतापर्यंत वाटायचं की औषध आहे, आपल्याला महाग म्हणून देत नाहीत.

प्रकल्पाचं मात्र वाटोळं झालं. एकावेळी एकच गोष्ट बदलायची होती, एका दिवसात दोन बदलल्या. बहिणीला फोन केला तर म्हणे, "ताई, तू पेशंट आहेस का पेपर लिहितेस? गोळ्या घे चुपचाप."

११ एप्रिल

पाण्याचा कॉलम बघून लाज वाटली. दिवसाला तीन-चार ग्लास. या उन्हात! कारण उघड आहे, एमएसमध्ये लघवीची घाई होते, लागली की थांबता येत नाही, आणि ऑफिसातल्या संडासात ब्लिचिंग पावडरच्या गोण्या, खराटे आणि मागच्या निवडणुकीच्या पेट्या. म्हणून मी सकाळपासून पाणीच पीत नाही. त्यानं होतं उलटंच, लघवी घट्ट झाली की जळजळ, घाई अजून वाढते, बद्धकोष्ठ वेगळं, आणि इन्फेक्शन होऊन ताप आला की जुनी सगळी लक्षणं डोकं वर काढतात. दोन वर्षांपूर्वी मी अशाच तापात रिलॅप्स (एमएसचा नवा झटका) आला म्हणून घाबरून ॲडमिट झाली होती, निघालं युरिन इन्फेक्शन.

ग्रामसेवक साहेबांना (आता त्यांचं पद ग्रामपंचायत अधिकारी झालंय, पण गाव ग्रामसेवकच म्हणतं) सरळ सांगितलं, संडास मोकळा करून द्या. ते लाजले, मी नाही. शिपायानं दोन तासांत गोण्या हलवल्या. सहा वर्षं मी कशाची वाट बघत होती कोण जाणे.

१४ एप्रिल

आंबेडकर जयंती. मिरवणूक ओट्यावरून बघितली. बसकण २.१०. सकाळची पेंग कमी आहे हे नक्की.

२० एप्रिल

दोन दिवस नोंद नाही, का नाही ते लिहिते.

शुक्रवारी गुड फ्रायडेची सुट्टी होती आणि घरात कुरडया. गहू तीन दिवस भिजवून, वाटून, चीक काढून तयार. सकाळी उठली तर अंग हलकं, इतकं हलकं की मला वाटलं लोहाच्या गोळ्या लागल्या. आत्याबाई नको म्हणत होत्या, जाऊबाई येणार होत्या मदतीला, पण वर्षातून एकदा असं हलकं वाटतं तर कोण बसून राहील. मागच्या अंगणात चूल, वर मोठं गंज, आणि चीक म्हणजे सारखा घोटावा लागतो, हात थांबला की गाठी. पावणेसहाला सुरू केलं. साडेसातला चीक पारदर्शक व्हायला लागला, पोरं वाटी घेऊन उभी होती चीक खायला. मग गच्चीवर साड्या अंथरून सोऱ्या दाबायला बसली. पहिली ओळ छान आली. दुसऱ्या ओळीत कुरडया दोन-दोन दिसायला लागल्या. मला वाटलं चीक पसरला. मग डावा डोळा झाकून बघितलं तर एक एक दिसली, उजवा झाकला तर साडीचा नुसता रंग, कुरडई दिसेचना. तेव्हा कळलं. उठायला गेली तर पाय माझे नव्हतेच. यांनी आणि जाऊबाईंनी दोन्हीकडून धरून जिना उतरवला, माझ्या हातात सोऱ्या तसाच होता म्हणे.

वेळ ९.२०. गच्चीवर किती होतं ते माहीत नाही, खाली ओट्यावर थर्मामीटर ३८ दाखवत होतं.

कूलरसमोर ओला दुपट्टा घेऊन झोपवलं, दीड तासात डोळा परत आला. पाय संध्याकाळी आले. पण अंगातला कस आज रविवारपर्यंत आला नाही, त्यात काल इंजेक्शन. आत्याबाई गोणपाटावर बसून एवढंच बोलल्या, "कुरड्या तं बजारातही भेटते माय."

२४ एप्रिल, गुरुवार

बेरीज ५३. आतापर्यंतची सगळ्यात जास्त. आणि हिमोग्लोबिनच्या गोळ्या चालू, पाणी वाढलेलं, पेंग गेलेली, तरी.

त्या डोळ्याच्या प्रकाराला नाव आहे, उथॉफ. जर्मनीतले डोळ्यांचे डॉक्टर होते, १८९० मध्ये त्यांनी लिहून ठेवलं की असे पेशंट दमले की त्यांची नजर जाते आणि विसावा घेतला की येते. नंतर समजलं की कारण दमणं नसून शरीर तापणं आहे. कव्हर निघालेल्या नसेतून सिग्नल असाही काठावरच जात असतो, शरीराचं तापमान अर्धा अंश वाढलं तरी तो मधेच अडतो. थंड झालं की पुन्हा जातो, नवीन इजा झालेली नसते. एमआरआय नव्हतं तेव्हा संशयित पेशंटला गरम पाण्याच्या टबात बसवून बघायचे म्हणे, लक्षणं वाढली तर एमएस. आम्हाला टबाची गरज नाही, एप्रिल-मे पुरतो.

मी जो वाचते तो प्रत्येक लेख आहार, व्यायाम, झोप, सिगारेट, वजन असं विचारतो. बरोबर आहे, पण तिकडच्या माणसाच्या राहणीमानात ऊन नसतं, ते त्याच्या खिडकीबाहेर असतं. माझ्या राहणीमानात ऊनच पहिलं आहे. मार्चपासूनचा तक्ता उलगडून बसकणच्या बाजूला सकाळी १० चं टेंपरेचर ठेवलं, दुसरं काही बघायची गरजच पडली नाही. ३२ च्या खाली बसकण दोनच्या पुढे. ३६ च्या वर, बाराच्या आत.

म्हणून आता खरा बदल. साहेबांशी बोलून काम सकाळी ७ ते ११, उरलेलं घरून लॅपटॉपवर कूलरपुढे. स्वयंपाक पाच ते साडेसहा, चुलीकडे बघायचंही नाही. निघायच्या आधी वीस मिनिटं गार पाण्याचा दुपट्टा मानेवर आणि मनगटं माठाच्या पाण्यात. परदेशात यासाठी गारवा देणारी जॅकेटं मिळतात, नासाच्या अंतराळवीरांच्या कपड्यांवरून निघालेली, त्यावर २००३ मध्ये अभ्यासही झाला आणि थकव्याला उपयोग दिसला. आपलं जॅकेट म्हणजे दुपट्टा.

१ मे

ग्रामसभा. उभं राहून वाचायचे ठराव मी बसून वाचले. एक जण बोललाच, "मॅडमचे पाय दुखते का?" हो म्हटलं न पुढचा ठराव घेतला.

स्कोअर ५०. बसकण सरासरी १.५०.

६ मे

झोपेचा कॉलम. रात्री सरासरी चार वेळा उठणं, दोनदा लघवी, एकदा पोटरीत गोळा, आणि एकदा शेतीची लाईन (वीज). या आठवड्यात पंपाची थ्री फेज रात्री आहे, यांचा मोबाईल दीडला वाजतो, हे ओलितावर जातात, मग मला झोप नाही. दुसऱ्या खोलीत झोपा म्हटलं तर यांचं तोंड पडलं, मग कारण तक्त्यात दाखवलं. संध्याकाळी सहानंतरचा चहा बंद केला, सहापर्यंत पाणी भरपूर आणि नंतर घोट घोट.

लाईनचा दुसरा घोर, इंजेक्शन २ ते ८ डिग्रीत ठेवावं लागतं. रविवारी वादळानं पाच तास लाईन नव्हती, फ्रिज उघडायचा नाही असा घरात कर्फ्यू लावला होता. पोराला कुल्फी काढायची होती, रडला.

९ मे

बहिणीनं एक मोठा ऑनलाइन सर्व्हे पाठवला, २०१५ मध्ये प्लॉस वनमध्ये छापलेला, वेगवेगळ्या देशांतले २००० च्या वर एमएसवाले. जवळपास दोन तृतीयांश लोकांना चांगलाच थकवा. जास्त वजन आणि वाईट आहार असणाऱ्यांत तो जास्त. आणि मासे खाणारे न बेतानं दारू घेणारे, यांच्यात कमी! यांना वाचून दाखवलं तर म्हणतात, "आपला जिल्हाच दारूबंदीचा, तुझा इलाज सरकारनंच बंद केला."

हसून झाल्यावर विचार केला. माझ्यासारखी जी दीडला आडवी होते ती संध्याकाळी कोणाकडे बसून पेला घेणार कशाला? ज्याच्या अंगात कस आहे तोच बाहेर जातो, बाजारातून मासे आणतो, चार लोकांत बसतो. म्हणजे पेल्यानं थकवा गेला की थकवा नाही म्हणून पेला हाती आला, हे एकदाच भरलेल्या फॉर्मवरून कळत नाही. माझ्या तक्त्यातही हीच गफलत असणार. चांगल्या दिवशी मी जास्त चालते आणि मग लिहिते की चालल्यानं बरं वाटलं.

खाण्यात मी फार काही केलं नाही. ज्वारीची भाकर, जवसाची चटणी, आंबाडी, हे असंही होतं. दुपारी भात कमी केला कारण भातानंतर पेंग येते, आणि लोहाची गोळी चहासोबत घेत होती ती लिंबूपाण्यासोबत घेते.

आणखी एक. सिगारेटनं एमएस वेगानं वाढतो हे पक्कं आहे, म्हणून त्या फॉर्ममध्ये सिगारेट पिता का असा प्रश्न आहे. आमच्याकडे विचारा, दहापैकी नऊ नाही म्हणतील, आणि नाही म्हणताना गालात खर्रा (तंबाखू-सुपारी) असेल. हा फॉर्म आपल्याकडे लावायचा तर प्रश्न बदलावे लागतील.

१५ मे

चालणं सुरू. आतापर्यंत टाळत होती कारण चाललं की थकते. पण व्यायाम आणि एमएसचा थकवा यावर कोक्रेन या वैद्यकीय अभ्यास तपासणाऱ्या संस्थेनं २०१५ मध्ये ४५ ट्रायल एकत्र करून बघितल्या, फायदा दिसतो, डोंगराएवढा नाही पण दिसतो, आणि त्यानं रोग वाढत नाही. बहिणीचा नियम असा की अजून चालू शकते असं वाटलं तिथूनच परत फिरायचं. पहाटे साडेपाचला घरापासून मारुतीच्या पारापर्यंत, ६ मिनिटं. पारावर बसणारे म्हातारे पहिल्या दिवशी विचारायला लागले, कोणाकडे चालली एवढ्या पहाटे. आता त्यांच्यातला एक जण घड्याळ बघतो न सांगतो, आज सात लागले व बाई.

२२ मे, गुरुवार

स्कोअर ४८. औंदा मे मध्येच अवकाळी पाऊस, ऊन उतरलं, टेंपरेचर ३३ आणि मला वाटलं सुटली. उलट बसकण दोनदा बाराच्या आत. दमटपणा! कोरड्या हवेत कूलर गारवा देतो, घाम वाळतो, ओला दुपट्टा काम करतो, कारण पाणी उडून जातं. हवेतच पाणी असलं की कूलर म्हणजे नुसता ओला पंखा. अंग तापतं ते तापतंच. थर्मामीटरवर आर्द्रतेचा आकडा पहिल्या दिवसापासून खाली बारीक दिसत होता, मी लिहीतच नव्हती.

२८ मे

दिव्यांग प्रमाणपत्राचा कॅम्प. २०१६ च्या कायद्यातल्या २१ प्रकारांत मल्टिपल स्क्लेरोसिस नावानिशी आहे, झेरॉक्स सोबत नेली होती. सकाळी दहाला नंबर लागला, चालून दाखवा म्हणाले, मी चालून दाखवलं, छान चालली. हीच तर गंमत आहे. दुपारी दोनला बोलावलं असतं तर भिंत धरावी लागली असती. अंगातला कस मोजायला त्यांच्याकडे रकाना नाही. तक्ता पुढे केला तर साहेब म्हणाले हे तुम्हीच लिहिलेलं आहे. हो, मीच लिहिलंय, थकते पण मीच.

पुन्हा यायला सांगितलं आहे.

५ जून

४७, म्हणजे ५.२. दहा हप्त्यांत ५.४ चे ५.२. एवढ्यासाठी इतका खटाटोप का, असं यांनी विचारलं नाही पण चेहऱ्यावर होतं. फॉर्मच्या हिशोबानं मी तशीच आहे. पण मार्चमध्ये बसकण सव्वाला होती, आता पाऊस नसलेल्या दिवशी अडीच-पावणेतीन. हा वाढलेला सव्वा-दीड तास कशाचा, लोहाचा, पाण्याचा, सकाळच्या ड्युटीचा की वेगळ्या खोलीतल्या झोपेचा, हे मी सोडवू शकत नाही, सगळं एकात एक मिसळलं. माझा अंदाज, सगळ्यात जास्त वाटा सकाळी सातच्या ड्युटीचा. त्याला पैसे लागले नाहीत, फक्त विचारावं लागलं.

त्या वेळेत मी काय करते? पोराचा अभ्यास घेते. कालपासून बाराचा पाढा.

१२ जून, गुरुवार

स्कोअर भरला नाही. हिमोग्लोबिन १०.८, गोळ्या अजून तीन महिने.

आर्द्रतेचा कॉलम टाकला, मागच्या दोन हप्त्यांचा रिकामाच राहणार. कूलर बाजूला, खिडकीत एक्झॉस्ट लावायचा आहे, इलेक्ट्रिशियन उद्या उद्या करतोय. पेरणीची घाई आहे, घरात माणूस टिकत नाही, काल बसकण झाली आणि तक्ता भरायचा राहिला. आज सकाळी लिहायला घेतला तर आठवेना. आत्याबाई तूर पाखडत होत्या, मान वर न करता म्हणाल्या, "दोनले पंधरा कमी. कुकरची तिसरी शिट्टी झाल्ती."